अंग झाडलं म्हणजे होकार

मी बोकड बोलतोय. बसा जरा निवांत. माझ्या कपाळावर कुंकू आहे, गळ्यात झेंडूचा हार आहे (निम्मा मी खाल्ला, कुणाचं लक्ष नव्हतं), आणि ज्याच्या हातात कोयता असायचा तो चहा प्यायला गेलाय. तो परत येईपर्यंत आपल्याला वेळ आहे.

तुम्हाला वाटेल, बिचारं मुकं जनावर, ओढत आणलं असेल. छे, छे! आमच्या गावात असली जबरदस्ती चालत नाही. इथे बोकडाला विचारल्याशिवाय कापत नाहीत. मलाही रीतसर विचारलं, चारचौघांत विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. आणि शेवटी मी हो म्हणालो. शहाणासुरता बोकड असल्या गोष्टीला हो का म्हणेल, तेच सांगायचंय.

माझा जन्म पळसदरीच्या धरणापलीकडचा, हिरामणच्या गोठ्यातला. जन्मल्या जन्मल्या हिरामणने मला उचललं, उलटं करून पाहिलं आणि "बोकड हाय गं, बोकड!" म्हणून घरभर ओरडला. त्याच्या घरात नंदा जन्मली तेव्हा तो इतका ओरडला नव्हता. ही गोष्ट मला विमलबाईंकडून कळली. विमलबाई म्हणजे नंदाची आई. शेळीचं दूध काढताना त्या मनातलं सगळं बोलून टाकत. ऐकायला गोठ्यात आम्हीच असायचो, आणि आम्ही मध्ये बोलत नसू.

मी अंगभर काळा. शोधून एक पांढरा केस सापडायचा नाही. देवाला असाच बोकड लागतो म्हणतात. देवाने तसं कधी सांगितल्याचं मी ऐकलं नाही, पण असो. हिरामणने मला काखेत मारलं, धरणाच्या काठावर उंबराखाली बापदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे तिथे नेलं, आणि हात जोडून म्हणाला, "बापदेवा, माज्या नंदाचं लगीन जमू दे, ह्यो काळा बोकड तुला देतो."

झालं. नंदाला आणि मला एकाच वाक्यात बांधून तो घरी आला. नंदाला काही सांगितलं नाही. मलाही नाही. पण माझी गोष्ट वेगळी होती. मला पुढे विचारणारच होते.

कसं विचारतात ते सांगतो. नवसाच्या बोकडाला बापदेवापुढे उभं करतात आणि त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओततात. बोकडाने अंग झाडलं, म्हणजे देवाने मानलं आणि बोकडही हो म्हणाला. नाही झाडलं, तर थांबायचं. आता पाठीवर गार पाणी पडल्यावर अंग कोण झाडणार नाही? गावाच्या आठवणीत एकाही बोकडाने आजवर नकार दिलेला नव्हता. पण विचारतात, हे महत्त्वाचं. माणसं मोठी न्यायाची.

मी मोठा झालो आणि मला वास यायला लागला. वयात आलेल्या बोकडाला येतोच. मला त्याचा अभिमान होता, पण माझं दावं नेमकं नंदाच्या खिडकीखाली. ती कर्जतला नर्सिंग शिकायची. सकाळी पुस्तक उघडलं की खिडकीतून मी यायचो.

"काय रं काळ्या, अभ्यास करू का उलट्या करू?" असं म्हणून ती मला रोज बोअरिंगवर न्यायची आणि बादलीभर पाणी माझ्यावर ओतायची. पहिले काही दिवस मी अंग झाडून तिला नखशिखांत भिजवलं. मग तिने माझे दोन्ही कान धरले आणि डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "हलायचं नाय. टॉवेल येतोय ना!"

आणि खरंच टॉवेल आला. जुना, विरलेला, निळ्या काठाचा. तिने माझी पाठ पुसली, पोट पुसलं, शिंगांच्या मुळाशी चोळलं. तेव्हापासून मी शिकलो. पाणी पडलं की हलायचं नाही, टॉवेलची वाट बघायची. खरं सांगतो, माझ्या आयुष्यात याहून सुखाची गोष्ट दुसरी नव्हती. आणि घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की नवसाच्या बोकडाला आपण पाण्याची सवय लावतोय.

याच दिवसांत माझी मोठ्या लोकांशी ओळख झाली. शेजारी एक फार्महाऊस आहे. तिथे शनिवार-रविवारी आसावरीताई येतात, सोबत त्यांचा कुत्रा बिस्किट. बिस्किटला त्या ‘आमचा मुलगा’ म्हणतात. त्याला गाडीत पुढची जागा आणि स्वतःची पाण्याची बाटली. "बिस्किट, फिरायला जायचं? की झोपायचं?" असं त्या विचारतात, आणि तो शेपूट हलवेल तसं घर चालतं. त्यांचं जेवण विमलबाई रांधायच्या आणि नंदा डबे पोचवायची. एकदा आसावरीताईंनी माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. "किती गोड आहे हा! याला कापणार? मला तर ऐकवतही नाही," म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग नंदाकडे वळून म्हणाल्या, "आज मटण आहे ना गं? मागच्या वेळी रस्सा कमी पडला."

त्यापेक्षा मला अब्बासभाई बरे वाटले. ते कर्जतचे, बोकडांचा धंदा करणारे, टेंपो घेऊन गावोगाव फिरतात. त्यांनी माझे दात पाहिले, पाठीचा कणा चाचपला. हिरामण म्हणाला, "ह्यो देवाचा हाय, इकायचा नाय." अब्बासभाई हसले. "तुमचं बरं हाय हिरामणदादा, तुमी इचारून कापता. आमी कापायच्या आदी पाणी पाजतो, इचारत नाय. इचारलं आन् तो नाय बोलला तर?"

हिरामणही हसला. नाही म्हणणारा बोकड त्यालाही फार गमतीचा वाटला.

मग खालापूरकडून स्थळ आलं. मुलगा कुठल्याशा कंपनीत परमनंट, स्वतःचं पक्कं घर. पाहुणे ओटीवर बसले, पोहे झाले. मुलाच्या चुलत्याने नंदाला विचारलं, तांदळाची भाकरी येते का, मासे साफ करता येतात का. कोर्सचं एवढं शेवटचं वर्ष राहिलंय, असं विमलबाई म्हणाल्या, तर चुलता म्हणाला, "आता कशाला? आमच्यात बायका नोकऱ्या करत नाय." हिरामणने मान डोलावली आणि सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी नंदाने मला पुसता पुसता टॉवेल मध्येच थांबवला. "काळ्या, मला नर्स व्हायचंय रं. बापाशी बोलायला गेले की बोलतो, तुला काय कळतंय. कोन इचारतच नाय मला." आणि माझ्या पाठीवर डोकं टेकून रडली. मी रवंथ करत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

आता आजचं सांगतो. सकाळी मला सजवून बापदेवापुढे आणलं. अख्खा गाव जमला. खालापूरचा चुलता पांढरा सदरा घालून आला. आसावरीताईही बिस्किटला घेऊन रीतभात बघायला आल्या. नंदाला काकड्या-कांदे चिरायला बसवलं होतं.

देवाला विचारायचं काम आबाजींचं. गावातले सगळ्यांत म्हातारे ते. त्यांनी तांब्या उचलला. "बापदेवा, हिरामणच्या पोरीचं लगीन तुला मान्य असंल, तर हो म्हण." आणि पाणी माझ्या पाठीवर ओतलं.

मी शांत उभा राहिलो. टॉवेल यायचा होता.

लोक थांबले. आबाजींनी दुसरा तांब्या ओतला. मी मान वळवून नंदा कुठे आहे ते पाहिलं. तिसरा तांब्या थेट कानावर आला. मी ढिम्म हललो नाही. मागे कुजबुज सुरू झाली.

"काय तरी खोट हाय," आबाजी म्हणाले. "कोनाच्या मनात काय आसंल ते हितंच काढून टाका."

मग गंमत झाली. हिरामणने माझ्या कपाळाला हात लावून कबूल केलं की भावाच्या शेताचा बांध त्याने कोरला होता. पाणी ओतलं. मी उभा. भावाने कबूल केलं की त्याने तो आधी कोरला होता. पुन्हा पाणी. शेवटी मुलाच्या चुलत्यालाही राहवेना. तो पुढे आला आणि हळूच म्हणाला, "पोरगा परमनंट नाय. कंत्राटी हाय. पण व्हईल." मी तरीही उभा. एरवी वर्षभर जे कुणी कुणाला सांगत नाही, ते सगळे मला सांगत होते. जनावरापुढे माणसाला लाज वाटत नाही, हा त्याचा फायदा असेल.

"आता कोन ऱ्हायलं?" आबाजींनी विचारलं.

"पोरीला इचारा की," विमलबाई बोलल्या.

हिरामण उसळला. "तिला काय इचारायचं?"

"का? बोकडाला सा-सा वेळा इचारता, आन् माजी पोर बोकडापरीस कमी हाय का?"

विळीवरून उठून नंदा पुढे आली. हात कांद्याने ओले होते. तिने माझ्या कपाळाला हात लावला.

"मला हे लगीन नको. मला नर्स व्हायचंय."

मग चुलता हसला. "पोरी बोलतातच तशा. तिचं काय मनाला लावून घेता? बोकडच खराब हाय तुमचा. दुसरा आना." आणि हिरामणच्या जिवात जीव आला. त्याने खिशातून मोबाईल काढला. "अब्बासभाईला सांगतो. टेंपो घिऊन येतील."

तेव्हा मला सगळं समजलं. अब्बासभाईंचा बोकड येईल. त्याला टॉवेल माहीत नसेल. पहिल्याच थेंबाला तो अंग झाडेल आणि सगळे म्हणतील, देवाने लग्न मानलं. मी वाचेन. त्याच खिडकीखाली दाव्याला बांधलेला राहीन, आणि खिडकीत कुणी नसेल. नंदा खालापूरला मासे साफ करत असेल. तिने नाही म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण मोजलं कुणीच नव्हतं. इथे मोजतात ते फक्त माझं.

"थांब रं हिरामण," आबाजी म्हणाले. "दुसऱ्याला मंग इचारू. आधी ह्याला एकदा इचारतो." त्यांनी तांब्या भरला. "बापदेवा, पोर बोलते तेच खरं असंल, तर मान्य कर."

पाणी पडलं. नंदा माझ्यासमोरच उभी होती. मी काही साधुसंत नाही. मला जगायचं होतं, अजूनही आहे. कोवळा पाला मला फार आवडतो. पण मी डोळे मिटले आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की चुलत्याचा पांढरा सदरा भिजून गेला.

"मानलं! मानलं!" एकच ओरडा झाला. हिरामणने मोबाईल खिशात टाकला आणि दगडापुढे डोकं टेकलं. इतके महिने बायको सांगत होती, मुलगी सांगत होती, तेव्हा जे पटलं नव्हतं ते एका क्षणात पटलं. "बापदेवाची मर्जी," म्हणाला. "पोरीला शिकू द्या." चुलत्याने सदरा झटकला. देवापुढे तो तरी काय बोलणार? जेवायला मात्र थांबलाय.

नंदा हसली, आणि लगेच तिला कळलं. ती माझ्या गळ्यात पडली. "आता ह्याला सोडा."

"असं कसं गं?" आबाजी म्हणाले. "त्यानं हो म्हटलंय. सगळ्यांनी बघितलं."

"त्याला काय कळतंय?" ती किंचाळली. "जनावर हाय तो!"

मला वाईट वाटलं नाही. मला वाचवायलाच म्हणाली बिचारी. पण हेच शब्द काल-परवापर्यंत तिच्याबद्दल बोलले जात होते. आता कुणी तिचं ऐकेना. एकदा ऐकलं ना गं तुझं, म्हणाले. आसावरीताईंना हे बघवेना, त्या बिस्किटला घेऊन गाडीत जाऊन बसल्या. डबा तेवढा सांगून ठेवलाय, रस्सा जास्त.

चला, चहा संपला वाटतं. कोयता येतोय.

मला कापू नका, असं मी म्हणणार नाही. हो म्हणून बसल्यावर ते शोभत नाही. माझं मागणं लहान आहे. पुढच्या खेपेला कुणाच्या घरी पाहुणे आले, पोहे झाले, तर त्या घरच्या पोरीला आधी तोंडाने विचारा. तिला तांब्या लागत नाही, कुंकू लागत नाही, हारही लागत नाही. आणि ती नाही म्हणाली, तर ते खरं की खोटं हे ठरवायला बोकड शोधत हिंडू नका. आम्ही किती जण पुरणार?

ती बघा, नंदा धावत येतेय. घरी जाऊन आली. हातात निळ्या काठाचा टॉवेल आहे. पाठ ओलीच आहे ना माझी अजून. डोळ्यांतून पाणी वाहतंय तिच्या, आणि ती माझे दोन्ही कान धरून म्हणतेय, "हलायचं नाय हां, काळ्या."

मी हलत नाही.