पाव्हणे यायच्या दिवशी हेडर

निकेशला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, हे त्याला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. उन्हाळ्यात त्याने घरच्या पंख्याचा रेग्युलेटर बदलायला घेतला आणि आजूबाजूच्या घरांचीही लाईन घालवून बसला. तरी हा पठ्ठ्या आज आपल्या लाल छोट्या गाडीखाली उताणा पडून तिचं पोट फाडायला निघाला होता. आणि त्याच्या हातात एकेक पाना ठेवत होती त्याचीच धाकटी बहीण, उर्वशी.

बरं, दिवस कोणता? तर उर्वशीला पाहायला पाव्हणे यायचा. पाव्हणे नागभीडचे, राईस मिलवाले. दुपारच्या रेल्वेने मूल स्टेशनावर उतरणार आणि तिथून निकेशने त्यांना गाडीत बसवून पोंभुर्ण्याच्या आतल्या या गावात आणायचं, असं ठरलेलं. आता अशा दिवशी शहाणा माणूस गाडी धुतो, अत्तराची बाटली लटकवतो. इंजिन खोलून बसत नाही.

पण उर्वशीने त्याला सकाळीच चावी मारून दिली होती.

"दादा, राईस मिलवाले हायेत ते. अशा फुसफुस करनाऱ्या गाडीत आनशीन का त्याईले?"

झालं. निकेशच्या खाटेखाली हेडरचा खोका होता. चंद्रपूरहून आणल्यापासून हा रोज संध्याकाळी तो उघडायचा, आतल्या नळ्या फडक्याने पुसायचा आणि परत झाकून ठेवायचा. हेडर म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर लोक मधेच विचारून डोकं खातात. इंजिनातला धूर बाहेर न्यायला कंपनी एक जाडजूड बिडाचा नळा देते. तो काढून फेकायचा आणि त्याजागी चार चकचकीत नळ्या एकात गुंफलेलं हे हेडर लावायचं. म्हणे गाडीला दम येतो. दमाचं देव जाणे, आवाज मात्र येतो.

"घंटाभराचं काम हाये," निकेश म्हणाला. मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या पोराला खरोखरच घंटाभर लागला होता.

"मंग काय त," उर्वशी म्हणाली. तिला निकेशचा घंटा चांगला माहीत होता. गाडी नाही तर पाव्हणे नाहीत, पाव्हणे नाहीत तर लग्न नाही, असा तिचा साधा हिशोब होता.

लग्न तिला नकोच होतं. तिला पोलीस व्हायचं होतं. भरतीचा फॉर्म भरलेला होता, मैदानी चाचणी तोंडावर आली होती, आणि मुलाच्या बापाचा, गुणवंतरावांचा, निरोप असा की तुळशीचं लग्न लागलं की पहिलाच मुहूर्त धरू, आणि हो, सुनेनं नोकरी करायची आमच्यात पद्धत नाही. उर्वशीने बापाला सांगून पाहिलं. नानाजी जेवत होते. "हो हो," म्हणाले आणि ठेच्याची वाटी पुढे ओढली. बांधावर सांगितलं, तर "हो हो" म्हणून बैलांवर ओरडले. आईला सांगितलं, तर कमळाबाईंनी तिच्याच तोंडावर हात फिरवला. "पाहाले काय जाते माय? पाहून त जाऊ दे." पोरगी बोलते आहे आणि घर आपलं चालू आहे. संताप येईल नाही तर काय होईल? म्हणून मग तिने हा आडवाटेचा उपाय काढला.

उपाय लागूही पडत होता. वरचा पत्रा निघाला. गंजलेल्या नटांवर डिझेल ओतून, हातोडीने ठोकून, देवाला आणि कंपनीला शिव्या घालून तीन नट निघाले. चौथ्यावर निकेश दोन्ही पाय बंपरला लावून लोंबकळला, तेव्हा कट्‌ असा आवाज आला आणि बोल्ट मुळापासून तुटला. पाठोपाठ बिडाचा नळा सुटून त्याच्या छातीवर पडला.

"अगा माय!"

"लागलं का रे दादा?" उर्वशीने विचारलं. तिला खरंच वाईट वाटलं, पण आनंदही झाला. तुटलेला बोल्ट काही आज निघत नाही.

तेवढ्यात नवा सदरा घालून नानाजी अंगणात आले.

"का बे निकेश, गाडी घेऊन गेला नाईस अजून? गाडी कुठी हाये?"

"हे काय बाबा."

"हे गाडी होय? हे त सोललेली कोंबडी दिसून राह्यली!"

पुढचं जे नानाजी बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलताच खिशातला फोन वाजला. मूल स्टेशनावरून गुणवंतराव. नानाजींचा आवाज क्षणात लोण्यासारखा मऊ झाला. "निघाली भाऊ, गाडी निघाली! रस्त्यातच हाये!" फोन ठेवला आणि चप्पल काढून निकेशच्या बाहेर राहिलेल्या पायांवर हाणली. उर्वशी घरात गेली आणि तिने पाव्हण्यांसाठी केलेल्या पोह्यांतले बशीभर उभ्याउभ्याच खाल्ले. आता ते चिडतील, आल्या पावली परत जातील, तिला वाटलं. जीव कसा थंड झाला.

पण राईस मिलवाली माणसं चिवट निघाली. वाट पाहून पाहून ती काळी-पिवळी जीपमध्ये बसली. काळी-पिवळीत माणसं किती बसतात ते या भागात कोणी मोजत नाही, त्यात शेवटच्या सीटवर कोंबड्यांची टोपली. गुणवंतराव अंगणात उतरले तेव्हा त्यांच्या सफारीवर पिसं होती. त्यांच्या बायकोचं, कुंताबाईंचं, पातळ एका बाजूने चुरगळून पापड झालेलं. मागून पांढराशुभ्र शर्ट घातलेला पवन. तोच नवरदेव.

"गाडी रस्त्यातच होती ना भाऊ?" गुणवंतराव कडाडले. जन्म मिलमध्ये गेलेला, त्यामुळे एक तर त्यांना कमी ऐकू यायचं आणि दुसरं म्हणजे साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं. आज तर ते भांडतच होते. नानाजी हात जोडून वाकले, कमळाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या. कोणी कोणाकडे बघेना. उर्वशी दारामागून हे सगळं बघून खूश होती. अजून जरासं तापू दे, मग उठतातच.

पिवळी साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली. त्याच वेळी गाडीखालून ठण्‌ असा आवाज झाला आणि पवनने कान टवकारले. तो उठला, येणाऱ्या उर्वशीला वळसा घालून थेट गाडीपाशी गेला आणि खाली वाकला.

"कोनतं हेडर हाये भाऊ? फोर-टू-वन?"

या घरात नवरदेवाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. उर्वशी ट्रे घेऊन तशीच उभी. तिला हायसं वाटायला पाहिजे होतं, पण खरं सांगायचं तर अंगाचा तिळपापड झाला. नकार तर तिला द्यायचाच होता. पण माणसाने एकदा बघावं तरी! पिवळी साडी काय नळ्यांसाठी नेसली होती?

पवन पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. आता गाडीखालून चार पाय बाहेर दिसू लागले आणि आतून संवाद ऐकू येऊ लागला.

"गॅस्केट कुठी हाये?"

"ते काय असते?"

"राहू दे. जुनीच लावू."

"हा एक बोल्ट तुटला ना भाऊ."

"तिनावर भागते."

दोघांचं असं जमलं की एकाच आईच्या पोटचे वाटावेत. गुणवंतराव कुरकुरत, ओरडत चहा पीत राहिले. मग शेवटची अडचण आली. हेडरचं तोंड मोठं आणि मागे सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपाचं लहान. जुळेना.

"मंग सायलेन्सर कायले पाह्यजे?" पवन म्हणाला.

"नाई त काय!" निकेश म्हणाला, आणि दोघं खदाखदा हसले.

उर्वशीला पहिल्यांदा भीती वाटली. काम न होण्यावर तिचा सगळा डाव उभा होता, आणि हे दोन येडे काम पुरं करत होते.

निकेशने बाहेर येऊन चावी फिरवली. गाडी आधी खोकली. मग तिने जो आवाज काढला तो काढला बाप्पा! छपरावरचे कवेलू थरथरले. एका बैलाने दावं तोडलं आणि तो शेजाऱ्याच्या तणसीच्या ढिगात घुसला. गल्लीतली म्हातारी माणसं हेलिकॉप्टर उतरलं की काय म्हणून वर बघत बाहेर आली. निकेशने पेट्रोलवर पाय दिला तसा कमळाबाईंनी पदर कानात कोंबला.

आणि गुणवंतरावांचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी आपल्या आवाजात बोलताना भेटलं होतं. ते उठून गाडीभोवती फिरले. बॉनेटवर हात ठेवला. गाडीखालच्या काजळीने तोंड काळं झालेला पवन बापाच्या कानाशी जाऊन काहीतरी ओरडला. गुणवंतरावांनी मान डोलावली, नानाजींना मिठी मारली आणि त्या सगळ्या गडगडाटावर चढून गर्जले,

"पोरगी पसंत हाये!"

पोरीचं नाव विचारलं नव्हतं. ती उंच की बुटकी, तेही पाहिलं नव्हतं. साळ्याची गाडी पसंत पडली आणि गाडीवर पोरगी फुकट. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, म्हणतात तो हा प्रकार. नानाजींचे डोळे भरून आले. कमळाबाई साखर आणायला आत पळाल्या.

"मले नाई पसंत!" उर्वशी म्हणाली.

कोणालाच ऐकू गेलं नाही. ती घसा फोडून ओरडली, "बाबा, मले नाई पसंत!" नानाजींनी तिचे हलणारे ओठ बघितले, हसले, आणि "हो हो" म्हणाले. कुंताबाईंनी तिची हनुवटी धरली आणि कौतुकाने चिमूटभर साखर तोंडात घातली. उर्वशी तोंडभर साखर घेऊन नाही म्हणत होती आणि सगळे तिच्याकडे बघून हसत होते. बाजूला निकेश आणि पवन आळीपाळीने पेट्रोल दाबत होते.

मग तिचं डोकं फिरलं. तिने ट्रे बॉनेटवर आपटला, खिडकीतून हात घातला आणि चावी बंद केली.

एकदम शांत. तणसीतल्या बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू येऊ लागली.

"मले पोरगा पसंत नाई," उर्वशी म्हणाली. आता ओरडायची गरज नव्हती. "मले भरतीले जाचं हाये. मले लग्नच नाई कराचं."

पोरीने नापसंत म्हणायचं नसतं. नापसंती आठ दिवसांनी मध्यस्थाच्या तोंडून जाते, पत्रिका जुळत नाही म्हणून, कोणाचं नाक कापलं जात नाही. इथे गल्ली भरून लोक उभे होते.

"काय म्हनते?" गुणवंतरावांनी कानाला हात लावला.

बापाला कसं सांगायचं ते पवनला सवयीने माहीत होतं. तो त्यांच्या कानाशी वाकला आणि मोठ्याने ओरडला, "पोरगी नाई म्हनते, बाबा!" ज्यांनी आधी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं.

गुणवंतराव लालबुंद झाले. "चला! एक घोट पानी नाई पिनार इथी!" पण जाणार कशाने? काळी-पिवळी कधीच गेली होती. शेवटी ज्या गाडीपायी हे सगळं झालं तिच्यातच त्यांना बसावं लागलं. पवन मात्र थेट स्टिअरिंगवर जाऊन बसला. "मी चालवतो भाऊ, मूलपर्यंत," तो शेजारी बसणाऱ्या निकेशला म्हणाला. त्याला दुःख झालेलं दिसत नव्हतं. नकार मिळालेला नवरदेव गावभर गर्जना करत निघाला, घराघरातून लोक दारात आले, आणि वाटेतल्या पुढच्या गावांनीही त्याला नीट ऐकलं.

कमळाबाई चुलीपाशी जाऊन रडत बसल्या. नानाजी खुर्चीवर तसेच, नव्या सदऱ्यात. आवाज तलावापलीकडे गेला, नंतर जंगलात शिरला, तरी येतच होता. उर्वशी त्यांच्यासमोर उभी राहिली. आता ते मारतील, असं तिला वाटलं.

नानाजींनी मारलं नाही.

"असं चारचौघात कराचं असते काय, माय? घरात सांगतलं असतं त मी ऐकलं नसतं काय?"

"सांगतलं होतं बाबा," उर्वशी म्हणाली. "कितीक बार सांगतलं. तवा त गाडी बंदच होती."