फुलबाजार उठल्यावरचं टोकन

मी बोलतो तेव्हा आवाज माझा नसतो. ‘टोकन क्रमांक बावीस, कक्ष क्रमांक दोन’ असं ठामपणे सांगणाऱ्या बाई कुठल्याशा स्टुडिओत एकदाच बोलून गेल्या. रोजची मेहनत माझी. नाशिकच्या एका सरकारी विशेषोपचार रुग्णालयात, हृदयरोग विभागाच्या भिंतीवर टांगलेला टोकनचा फलक आहे मी. आज मात्र माझं स्वतःचं सांगतो.

माझा जन्म अंबडच्या एका कारखान्यातला. इथे बसवलं त्या दिवशी साधना सिस्टरांनी माझ्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि मी कामाला लागलो. माझ्याआधी या भिंतीखाली चपलांची रांग असे. माणसं जमेल तिथे टेकत आणि त्यांच्या वतीने चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या नंबर धरून उभ्या राहत. कुणाची चप्पल सरकली की भांडण. मी आलो आणि चपला पायांत परतल्या.

इथे कुणी सहज येत नाही. गावच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर छातीला नळी लावतो, ठोका नीट नाही म्हणतो आणि तालुक्याला पाठवतो. तालुका जिल्ह्याला पाठवतो, जिल्हा आमच्याकडे. अशीच साखळी देशभर आहे. पेठच्या डोंगरातल्या बाईलाही राजधानीतल्या माणसासारखाच हृदयाचा डॉक्टर मिळावा, एवढा मोठा विचार कुणीतरी केला आणि तो माझ्या भिंतीपर्यंत आणून पोचवला. मला त्याचा अभिमान आहे.

साखळी बांधली की ती चालते का, हेही बघावं लागतं. टोकन निघाल्यापासून डॉक्टरांचं दार उघडेपर्यंतचा वेळ मी मोजतो. तो आकडा दिल्लीला जातो. देशभरच्या अशा विभागांचे आकडे तिथे शेजारीशेजारी मांडले जातात आणि कोण पुढे, कोण मागे ते ठरतं.

आम्ही मागे पडलो ते मखमलाबादच्या चिमाजीमुळे. चिमाजी शेवंती लावणारा गडी. त्याची वहिनी सगुणाबाई हिच्या हृदयातला व्हॉल्व्ह इथेच बदलला होता. विभागाचं दार उघडायला आणि चिमाजी यायला एकच गाठ. आला की माझ्याखालच्या यंत्राचं बटण दाबत सुटायचा.

“अहो दादा, किती हृदयं आहेत तुम्हाला?” साधना सिस्टर विचारायच्या.

“माझं एकच हाय सिस्टर, आन ते बी धड हाय. ही टोकनं आमच्या आळीची. मंडळी पंचवटीच्या बाजारात फुलं इकत्यात. सौदे उठले की येतील.”

मंडळी फुलं विकत असायची आणि माझ्या हिशेबात ती बाकावर ताटकळत असायची. चांदोरी, गिरणारे, आडगाव, सगळीकडची बाजारकरी माणसं हेच करू लागली. आमचा आकडा फुगत गेला.

अधीक्षक डॉक्टर दीपक सरांना हा अपमान झोंबला. “आम्ही इथे झोपा काढतो का?” म्हणाले. नियम निघाला: ज्याचा आजार त्यानेच यायचं, ज्याचं त्याने बटण दाबायचं, आणि सकाळी दहा वाजता यंत्र बंद. आकडा धाडकन खाली आला. पेढे वाटले गेले. काही महिन्यांनी दिल्लीचं पथक पाहणीला यायचं होतं. आकडा असाच राहिला तर शस्त्रक्रियेचं दुसरं दालन मंजूर होणार होतं.

पेढा आमच्याच विभागातल्या डॉक्टर योगिनींनीही खाल्ला. पण काही आठवड्यांनी माझ्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “सर, व्हॉल्व्ह बदललेले पेशंट दिसत नाहीत हल्ली.”

“बरे असतील.”

“बरे असले तरी रक्त तपासायला यायलाच हवं ना, सर?”

धातूचा व्हॉल्व्ह बसवला की त्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. गोळी किती घ्यायची, ते रक्त तपासून ठरतं. गोळी कमी पडली तर गाठ धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. तपासणी चुकवून चालत नाही. योगिनी मॅडमनी चिमाजीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमाजी सगुणाबाईला घेऊन आला. यंत्र कधीच बंद झालेलं. मॅडमनी तिला माझ्याखालच्या बाकावरच बसवलं.

“गोळी चालू आहे ना?”

“अर्धी घेते.”

“अर्धी कुणी सांगितली?”

“कुनी नाय. हिरड्यातनं रगत यायला लागलं. दोनदा आले तुमच्या दाराशी, टोकन बंद. मंग म्हटलं, आपलीच अक्कल चालवावी.”

“आता पाटीच लावा वहिनी, दवाखान्याची,” चिमाजी म्हणाला.

“तुम्ही गप बसा भाऊजी. सकाळीच इथं येऊन बसले असते, तर माझी फुलं काय तुम्ही इकली असती?”

मॅडमनी तिच्या छातीला नळी लावली. धातूच्या व्हॉल्व्हचा टक् टक् असा स्वच्छ आवाज यायला हवा. त्यांनी पुन्हा ऐकलं, मग दीपक सरांना बोलावलं. सरांनी ऐकलं. “आवाज बसलाय,” ते हळूच म्हणाले. “हा व्हॉल्व्ह मीच बसवलाय.”

सगुणाबाईला तिथूनच आत नेलं. तिच्या चपला हातात घेऊन चिमाजी दाराशी उभा राहिला.

“आपल्या आकड्यात ही बाई कुठेच नाही, सर,” योगिनी मॅडम म्हणाल्या. “टोकन निघालं नाही, म्हणजे आपल्या लेखी ती थांबलीच नाही. बाजार उठल्यावर दुपारची वेळ ठेवू या.”

“दुपारी डॉक्टर कमी असतात. थांबायचा वेळ वाढेल. पथक यायचंय, दालन हातचं जाईल.”

“जाईल, सर.”

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “सिस्टर, या फलकाच्या कंपनीला फोन लावा. दुपारची वेळ भरून घ्यायची आहे.”

पथक आलं तेव्हा आमचा आकडा पुन्हा वाढलेला होता. सरांनी तो झाकला नाही. त्याच्या शेजारी नवा आकडा ठेवला: तपासणीला यायला हवे होते त्यांतले किती आले, आणि न आलेल्यांतल्या किती जणांना फोन करून आणलं. पथकातल्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि दिल्लीला नेला. दालन यंदा मिळालं नाही. मिळेल. मला शंका नाही.

सगुणाबाईच्या व्हॉल्व्हवरची गाठ औषधाने विरघळली. मधले दिवस कठीण गेले, पण ती आपल्या पायांनी घरी गेली. आता बाजार उठला की येते. बाकावर बसते, शेजारणीला म्हणते, “गोळी मनानं कमी करू नको गं. मी करून बसले हाय.” तिचा नंबर लागतो, मी हाक मारतो, ती उठते.

एवढंच माझ्या हातात आहे. जो दारापर्यंत आला, त्याला मी हाक मारीन, कितीही गर्दी असो. जो आलाच नाही, तो मला दिसत नाही. तुमच्या घरात, आळीत कुणाची तपासणी राहिली असेल, तर तेवढं त्याला घराबाहेर काढा. पुढचं माझ्याकडे लागलं.