वहीत रोज शंभर

टेबलाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची चार पदरी घडी. तरी हलतंय.

*

बाराशे दहा. बाराशे दहा. बाराशे पाच, लक्ष ठेवणे. बाराशे दहा.

*

"उजव्या कानात घड्याळ वाजतंय बघ. डाव्यात नुसतं कापड कोंबल्यासारखं."

*

गाडी. गॅस. शेजारच्या मुलीची गणितं.

*

"ऐंशीच्या खाली असेल तर बदलून मिळेल. पण वर्षाच्या आत आणा."

*

सकाळी शंभर. दुपारी शंभर. संध्याकाळी शंभर.

*

ही सगळी सुतं एका माणसाच्या हातात आहेत. तो माणूस म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना बाबा म्हणतो.

बाबा एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात बॅटऱ्या सांभाळायला होते. ॲसिडने भरलेल्या चोवीस काचेच्या टाक्या, दोन रांगांत. बाहेरची वीज गेली तरी वरच्या मजल्यावरून जाणारी गावभरची बोलणी तुटू नयेत, एवढंच त्या टाक्यांचं काम. चोवीसांतली एक टाकी नेमलेली असायची, तिला पायलट सेल म्हणायचे. रोज तिच्यात काचेची नळी बुडवायची, ॲसिड किती जड आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. शितावरून भाताची परीक्षा. बाराशे दहा म्हणजे ठीक. आणि नियम एकच: बॅटरी उतरू द्यायची नाही. शिशाची बॅटरी उतरली की मरायला लागते, म्हणून ती कायम चार्जिंगला जोडलेली आणि कायम भरलेली ठेवायची. एकतीस वर्षांत बाबांनी एकही बोलणं तुटू दिलं नाही. त्यांच्या जुन्या पँटींना ॲसिडची बारीक भोकं आहेत. त्या टाकून द्यायला ते तयार नाहीत.

नोकरी संपल्यावर मात्र एकेक गोष्ट त्यांच्या हातून जायला लागली. जायला लागली म्हणजे ते स्वतःच सोडायला लागले. फाटकाच्या खांबाला गाडी घासली, रंग गेला बोटभर. घरात येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता हे तुम्ही बघा." पुन्हा गाडीला हात लावला नाही. एकदा भांडं करपलं, तेव्हा गॅसचं तेच. शेजारच्या मुलीला शिकवताना एक उत्तर चुकलं, तिच्या बाईंनी ते लाल पेनाने दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं पुस्तक नीट कव्हर घालून परत केलं. आता हे तुम्ही बघा.

चूक केवढी, हे ते मोजत नाहीत. चूक झाली की खातं बंद.

मग घरात माझा लॅपटॉप आला.

*

*सकाळी शंभर.*

मी श्रवणयंत्रं जुळवून देते. म्हातारी माणसं दवाखान्यापर्यंत येत नाहीत, म्हणून मी घरोघर जाते. यंत्र कानात, यंत्राची तार लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवर एकेक आवाज वरखाली करत बसायचं. आमच्या धंद्यात एक नियम आहे: माणसाच्या कानाला तार लावलेली असताना लॅपटॉप भिंतीतल्या विजेला जोडायचा नाही. म्हणजे सगळी भिस्त बॅटरीवर.

हे पहिल्याच दिवशी मी जेवताना सांगितलं. बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे वीज नसताना बोलणं तुटू द्यायचं नाही."

"तसंच काहीसं."

"मग ही बॅटरी माझ्याकडे दे."

माझा नवरा म्हणाला, "घ्या. बाबांना दुसरी नोकरी लागली."

"तुझ्यासारखी नाही," बाबा म्हणाले. "इथे काम करावं लागतं."

त्यांनी नवी वही काढली, रेघा मारल्या. मी घरात पाऊल टाकलं की पिशवीतून लॅपटॉप काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचा आणि चार्जर लावायचा. तो मी बाहेर पडेपर्यंत काढायचा नाही. दिवसातून तीनदा, म्हणजे सकाळी, दुपारी मी जेवायला घरी आले की आणि संध्याकाळी, चार्जिंग पुरं झालं की पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघायचा आणि लिहायचा. सुट्टीच्या दिवशी मी गाणी ऐकायला वायर काढली, तर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"उतरतेय ती."

"बाबा, नव्वद आहे."

"नव्वदच म्हणजे. शंभर नाही."

मला ते आवडायचं. घरात कुणीतरी आपल्या कामाच्या मागे उभं आहे असं वाटायचं. आणि बाबा सकाळी उठून दाढी करायला लागले होते, टेबलापाशी जाण्याआधी.

*

*दुपारी शंभर.*

टेबल हलायला लागलं ते नवव्या महिन्यात. टाइप करताना लॅपटॉप डावीकडून उजवीकडे डुलायचा. बाबांनी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. मग दुपदरी, मग चौपदरी.

"लाकूड बसलं असणार," ते म्हणाले.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी मी एका शिंपीणबाईंकडे गेले होते. ब्याऐंशी वर्षांच्या. उजवा कान जुळवून झाला होता, त्यांना भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं होतं आणि त्या त्याला नावं ठेवत होत्या, इतकी टकटक करतंय म्हणून. डावा कान निम्मा झाला आणि लॅपटॉपचा पडदा काळा. बॅटरी बत्तीस टक्के दाखवत होती, ती दाखवता दाखवताच गेली. शिंपीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग डाव्या कानावर बोट ठेवून म्हणाल्या, कापड कोंबल्यासारखं झालंय.

त्या दिवशी गाडीत बसून मी चार्जर लावून लॅपटॉप सुरू केला आणि बॅटरीचा अहवाल काढला. नवी होती तेव्हा तिच्यात जेवढं मावायचं, त्याच्या अडुसष्ट टक्केच आता मावत होतं. अकरा महिन्यांत. का, ते शोधायला पाच मिनिटं लागली. ही शिशाची बॅटरी नाही. हिला कायम काठोकाठ भरून, वायर लावून, खिडकीच्या उन्हात ठेवलं की ती झिजते. ऐंशीच्या आसपास काढायची, वीस-तीसवर आली की लावायची, असं वापरलं तर टिकते.

म्हणजे जे बाबा एकतीस वर्षं बरोबर करत आले होते, नेमकं तेच.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. बाई म्हणाल्या, ऐंशीच्या खाली असेल तर बदलून मिळेल, पण वर्षाच्या आत आणा. वर्ष भरायला एकोणीस दिवस होते. बॅटरीची मला काळजी उरली नाही. काळजी होती ती एवढीच, की ती का गेली हे बाबांना कळता कामा नये. कळलं तर चार्जरची वायर गुंडाळून माझ्यासमोर ठेवतील. आणि त्यानंतर त्यांच्याकडे ठेवायला काही उरलेलं नाही.

*

*बॅटरी बदलण्यासाठी. सोबत: वही.*

मी एकटीच जाणार होते. सकाळी बघते तर बाबा बूट घालून दारात, काखेत वही.

"तुम्ही कशाला बाबा? तिथे रांग असते."

"वॉरंटीचं काम आहे. ते विचारणार, नीट वापरलीत का? तुझ्याकडे काय पुरावा आहे?"

"विचारत नाहीत असं."

"आमच्याकडे कंपनीचा माणूस यायचा तो आधी वही मागायचा. वही नसली की दोष आपला." ते माझ्याआधी जिना उतरले.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागे एक तंत्रज्ञ मुलगी होती. केसांत स्क्रूड्रायव्हर खोचलेला, हातांत पांढरे हातमोजे. बिल मेलवर होतं, ते तिने पाहिलं. लॅपटॉप सपाट काचेवर ठेवला आणि एका बोटाने टिचकी मारली. तो डुलला.

"आमचं टेबलही हलतं," बाबा म्हणाले.

"टेबल नाही हलत, काका. पोट फुगलंय याचं."

तिने मागचे स्क्रू काढले. आत बॅटरीच्या पातळ पिशव्या होत्या, त्यातल्या दोन उशीसारख्या टम्म. बाबा काउंटरवर वाकले. बराच वेळ बघत होते.

"अडुसष्ट," ती अहवाल बघून म्हणाली. "बसतंय वॉरंटीत. नवी टाकून देते. तासभर लागेल."

मला वाटलं, सुटलो. मी पिशवी उचलली. बाबांनी वही काउंटरवर ठेवली.

"हे पण बघून घ्या. अकरा महिन्यांची नोंद आहे. एक दिवस खाडा नाही."

तिने पान उलटलं. दुसरं उलटलं. मी बाबांच्या मागून मान हलवली, डोळे मोठे केले, नको नको केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण काय ते तिला उमगलं नाही.

"कुणी ठेवली ही?"

"मी."

"काका, इतकी स्वच्छ नोंद मी आजवर पाहिली नाही. आमच्याकडे लोकांना लॅपटॉप कधी घेतला तेही आठवत नसतं." मग तिने वही त्यांच्याकडे फिरवली. "पण सगळीकडे शंभरच आहे."

"हो तर."

"म्हणूनच फुगली."

ती काही वाईट मुलगी नव्हती. तिने खुर्ची दिली, पडदा त्यांच्याकडे वळवला, दोन आकडे दाखवले: नवी असताना मावायचं ते आणि आता मावतं ते. कोपऱ्यातलं शंभर हे आताच्या मापातलं शंभर, असं सांगितलं. वॉरंटीला त्याने काही फरक पडत नाही, आम्ही माप बघतो, सवयी बघत नाही, हेही सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बॅटरीतलं त्यांना दोनदा सांगावं लागत नाही.

"म्हणजे भांडं लहान होत गेलं," ते म्हणाले, "आणि मी काठोकाठ भरलंय असं लिहीत राहिलो."

"तसंच," ती म्हणाली.

"नळी बुडवून बघायची सोय नाही यात."

"नाही ना."

"हं."

*

*नोंद नाही.*

परत येताना ते खिडकीबाहेर बघत होते. सिग्नलला मी म्हटलं, "मिळाली ना बदलून, झालं." ते म्हणाले, "मिळाली." एवढंच.

घरी आल्यावर टेबलाच्या पायाखालून त्यांनी पुठ्ठा काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला. चार्जर भिंतीतून काढला. वायर गुंडाळली, रबर लावलं, वहीवर ठेवली आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवलं.

"आता हे..."

"बाबा," मी म्हटलं, "एक सांगायचं राहिलंय."

ते थांबले.

"मला माहीत होतं हे. ऐंशीला काढायची ते. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगायला विसरले."

"दुकानातल्या माणसाने."

"हो."

"काउंटरवर?"

"हो. बिल करताना. दोनदा सांगितलं त्याने."

"दोनदा."

"माझं लक्ष नव्हतं. घरी येऊन तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. म्हणजे चूक माझी आहे, बाबा. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, तर तुम्ही काय करणार?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी गुंडाळलेल्या वायरीकडे बघत होते. स्वयंपाकघरात नवरा भांडी लावत होता, त्याने आवाज थांबवला होता.

"आमच्याकडे," बाबा म्हणाले, "पाळी बदलताना आधीच्याने पुढच्याला निरोप दिला नाही, तर त्याचं नाव वहीत जायचं. लाल शाईत. साहेबसुद्धा खोडू शकायचा नाही."

"मग लिहा."

"लिहिणारच. सोडतो की काय."

लाल पेन शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. शेवटच्या शंभरच्या खाली त्यांनी लिहिलं: *निरोप दिला नाही. सूनबाई.* तारीख टाकली. मला वाचायला लावलं आणि सही घेतली.

"एकदा माफ," म्हणाले. "दुसऱ्यांदा बदली."

मग पट्टी घेऊन नव्या रेघा मारल्या. आता रकाने चार झाले: लावली किती वाजता, काढली किती वाजता, आकडा, आणि महिन्यातून एकदा खरं माप. तो अहवाल कसा काढायचा ते माझ्याकडून तीन वेळा करून घेतलं. टेबल खिडकीपासून आत ओढलं, सावलीत.

त्या आठवड्यात मी शिंपीणबाईंकडे पुन्हा गेले. डावा कान पुरा झाला. निघताना बॅटरी एक्केचाळीस होती. घरी आले तर दारातच बाबांनी आकडा विचारला, लिहिला, आणि वायर लावली नाही.

"अजून तीसपर्यंत जाऊ दे," म्हणाले.

आकडा नव्वदवर आला की दारात येऊन उभे राहणारे हे बाबा. पण तो आकडा लिहिताना त्यांचा हात जरा थांबला होता, हे मी पाहिलं.

लॅपटॉप आम्ही दुकानातून आणला नव्हता; मागच्या वर्षी एका गुरुवारी दुपारी तो कुरिअरने आला, मी कामावर होते, आणि सही करून खोकं बाबांनी घेतलं.