सोमवारआधीचं बोलणं

"वाहत्या पाण्यात मासा तोंड कुठं करून उभा असतो?" दशरथरावांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं, "वरच्या अंगाला. खाणं तिकडनं वाहत येतं. म्हणून आपण त्याच्या पाठीमागं उभं राहायचं, खालच्या अंगाला."

मी लिहून घेतलं, सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," ते म्हणाले. सकाळचे साडेसात वाजले होते आणि त्यांचा आवाज तेव्हाच जातं ओढल्यासारखा घरघरत होता.

आम्ही चाकणच्या पलीकडे भामा नदीच्या काठी बसलो होतो. रविवार होता. रात्री आठला दशरथरावांना हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं आणि सोमवारी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. घशात कर्करोगाची गाठ होती. चार महिने ते धूळ, हवा, थंड पाणी असं काहीबाही कारण सांगत राहिले आणि तोवर गाठ स्वरयंत्रावर पसरली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, आवाज राहणार नाही, असं सांगून टाकलं.

दशरथराव खडकीच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या एका इंजिनिअरनं तरुणपणी त्यांना फ्लायवरची मासेमारी शिकवली. हिच्यात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी नसते. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते आणि ती जड दोरीच्या झोताबरोबर नेमकी हव्या त्या जागी टाकायची असते. निवृत्त झाल्यावर दर रविवारी ते आमच्यासारख्या हौशी लोकांना शिकवायला घेऊन जात. मी चौदा वर्षं त्यांचा विद्यार्थी आहे आणि विद्यार्थी म्हणून सुमारच आहे. आमच्या कोथरूडच्या घरात माझी बायको मंदाकिनी मासा येऊ देत नाही, म्हणून मी धरलेला मासा सोडून देतो. त्याला जीवदया वगैरे नाव मी नंतर दिलं.

मी मात्र एका सरकारी कार्यालयात तीस वर्षं सभांचं इतिवृत्त लिहिलं. कोण काय बोललं ते टिपायचं, वाचून दाखवायचं, समोरच्याच्या तोंडून 'बरोबर' असं वदवून घ्यायचं आणि मगच पुढे जायचं. या सवयीमुळेच दशरथरावांनी मला निवडलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "माधवराव, मी सांगतो, तुम्ही लिहा. घरी लिहायला बसलो की मला एक अक्षर आठवत नाही. पाणी दिसलं की आठवतं."

सकाळी विश्रांतवाडीला त्यांना घ्यायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी निकिता जिन्यापर्यंत आली होती. ती बंगळूरला नोकरी करते आणि ऑपरेशनसाठी रजा टाकून आली होती. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की पप्पांनी आज बोलूच नये हे बरं. पण ते ऐकणार नाहीत. "काका, प्लीज एकपर्यंत आणा त्यांना. संध्याकाळी पप्पांच्या आवाजात बुद्धवंदना रेकॉर्ड करायचीय. लहानपणापासून रोज ऐकलीय, पण एकदाही रेकॉर्ड केली नाही. डॉक्टर म्हणाले, आवाज जपून वापरला तर एवढं होईल." मी शब्द दिला. तिच्यामागे हिरावहिनी उभ्या होत्या. त्यांनी कोमट पाण्याचा थर्मास माझ्या हातात दिला.

काठावर दशरथराव सांगत सुटले. धरणाच्या थोपलेल्या पाण्यात वारा ज्या काठाला जाऊन लागतो, तिथं किडे गोळा होतात, तेव्हा वाऱ्याला शिव्या देत बसू नये, त्याच्या मागोमाग जावं. ऊन लख्ख असेल तर माशी लहान घ्यावी, माशी बांधायची पुढची तार बारीक घ्यावी आणि आपली सावली पाण्यात पडू देऊ नये. चिलापी हलकी ओढ देते, तिला झटका मारला की तोंड फाटतं. महसीर लागला तर पहिल्या पळण्याला त्याला अजिबात अडवू नये, जाऊ द्यावं. गाठ आवळण्याआधी ओली करावी, कोरडी गाठ ऐन वेळी तुटते. मासा सोडताना आधी आपले हात ओले करावेत, त्याचं तोंड धारेकडे धरावं आणि तो स्वतःहून निघेपर्यंत सोडू नये.

प्रत्येक गोष्ट मी लिहिली, वाचली आणि विचारली, बरोबर? कुठे 'काठाजवळ' म्हणजे किती फूट, हे विचारलं. कुठे महसीर आणि मरळ यांच्यात फरक काय, हे विचारलं. कारकुनी पक्की असावी म्हणतात. माझी इतकी पक्की होती की समोरचा माणूस दर वाक्यानंतर पाणी पितोय, हे मला दिसत होतं, पण खटकत नव्हतं.

मध्येच ते थांबले. नदीत एक मोठा मासा फिरला आणि पाण्यावर गोल उमटला. त्यांनी गळाच्या काठीला हातसुद्धा लावला नाही.

"मला भीती वाटते, माधवराव," ते म्हणाले. "मरायची नाही. हिराला हाक कशी मारू? ती आत असते, मी बाहेर. पस्तीस वर्षं हाक मारतोय."

मी पुणेरी माणूस. अशा वेळी गप्प बसावं एवढी साधी अक्कल आम्हाला नसते. मी म्हणालो, "टाळी वाजवा. माझ्या हाकेला तर मंदाकिनी तशीही ओ देत नाही." ते हसले, माझं मन राखायला हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

"असं कसं हो, सगळं पोटात घेऊन बसायचं?" थोड्या वेळानं ते म्हणाले. "पोरीला यातलं काही नको. बरोबर आहे तिचं. पण माझ्याकडं द्यायला दुसरं काय आहे? घर बँकेनं दिलं, नोकरी तिनं मिळवली. माझ्या डोक्यात नुसतं पाणीच भरलंय."

पावणेबाराला त्यांनी घड्याळ पाहिलं. थर्मास संपला होता. ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले आणि म्हणाले, "चला. पोरगी वाट बघत असेल."

आणि मी म्हणालो, "गढूळ पाणी राहिलं."

हे वाक्य मी रोज आठवतो. कोणी मला ते म्हणायला लावलं नव्हतं. माझ्या वहीत वरती मथळे घातले होते: वाहतं, थोपलेलं, नितळ, गढूळ. चौथ्याखालचं पान कोरं होतं आणि कोरं पान मला बघवत नाही. ते पुन्हा खाली बसले. गढूळ पाण्यात मासा डोळ्यानं नाही, अंगाला लागणाऱ्या हालचालीनं शोधतो, तेव्हा माशी मोठी, काळी, काठालगत आणि हळू, इथून त्यांनी सुरुवात केली. मग धरणातून सोडलेल्या पाण्याचा विषय निघाला, मग गवताळ पाण्याचा, मग थंडीतल्या सकाळचा. त्यांना आता थांबता येत नव्हतं आणि मला थांबवता येत नव्हतं. आवाज बसत गेला तसा मी जवळ सरकलो, शेवटी कान त्यांच्या तोंडाशी नेला, पण लिहिणं सोडलं नाही. निकिताचे तीन फोन आले. दोन मी उचलले नाहीत. तिसऱ्याला, निघालोच, असं खोटं सांगितलं.

विश्रांतवाडीला पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. हॉस्पिटलची बॅग दाराशी भरून ठेवली होती. बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या, हार ताजा होता. निकितानं वंदनेसाठी पांढरी साडी नेसली होती. हिरावहिनीही पांढऱ्या साडीत सतरंजीवर बसल्या होत्या. मी निघतो म्हणालो, तर दशरथरावांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं.

त्या घरातली रीत मला चौदा वर्षांत माहीत झाली होती. दशरथराव एक ओळ म्हणत आणि बाकीचे तीच ओळ त्यांच्यामागून म्हणत. निकितानं मोबाइल चालू करून त्यांच्यासमोर ठेवला आणि हात जोडले.

दशरथरावांनी तोंड उघडलं. हवा बाहेर आली, आवाज आला नाही.

ते खाकरले. पुन्हा प्रयत्न केला. हिरावहिनींनी उठून कोमट पाणी आणलं, दशरथराव ते घोट घोट प्याले. तिसऱ्यांदा मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि घशातून नुसती फुसफुस निघाली. निकिता म्हणाली, "पप्पा, राहू द्या. पाच मिनिटं थांबू." आम्ही पाच मिनिटं थांबलो. मग दहा. कोणी कुणाकडे बघत नव्हतं. बॅग उचलायची वेळ होत आली होती.

निकितानं माझ्या मांडीवरची वही उचलली. पानं उलटली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे सांगतात.

"एकेचाळीस पानं," ती म्हणाली. "काका, मला दोन मिनिटं हवी होती."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर दशरथरावांनी हात वर करून मला थांबवलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. 'चूक माझी आहे,' असं ते सांगत होते. ती त्यांची नव्हती. पण ते बोलू शकत नव्हते आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा हक्क मी दुपारीच गमावला होता.

तेव्हा हिरावहिनी सरकून त्यांच्या समोर बसल्या, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्यांनी नवऱ्याच्या ओठांकडे पाहिलं आणि पहिली ओळ स्वतः म्हटली. या घरात त्यांचा आवाज मी कायम दुसरा ऐकला होता, मागून येणारा, जरा उशिरा पोचणारा. एकटा तो पातळ होता आणि कापत होता. ओळ संपली तशा त्या थांबल्या. दशरथरावांनी हात जोडून तीच ओळ त्यांच्यामागून म्हटली. फक्त ओठ हलले. ते थांबल्यावर वहिनींनी दुसरी ओळ घेतली.

मला ते शब्द येत नव्हते. मी हात जोडून बसलो.

शेवटपर्यंत असंच चाललं. एक ओळ वहिनींची, मग ती ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी शांतता, मग पुढची ओळ. त्यांनी एकदाही घाई केली नाही. निकिताचा मोबाइल चालू होता आणि ती शांतता त्यात भरली जात होती.