वाईनमधून काढलेली पत्रिका

नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावर वत्सलाबाईंनी घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र काढलं. बघता बघता त्यांचं असं बस्तान बसलं की पार सिन्नरपासूनचे आईबाप मुलामुलींचे फोटो घेऊन येऊ लागले. केंद्राचा सगळा भार एका कॉम्प्युटरवर होता. त्यात पुण्याहून आणलेला पत्रिकेचा प्रोग्रॅम होता. दोघांच्या जन्मतारखा, वेळा आणि गावं घातली की छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते तो सांगे. पानभर ग्रह आणि राशीही छापून येत, पण बाईंची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाई.

त्यांचा मुलगा ज्ञानेश सातपूरला एका कारखान्यात डिझायनर होता. त्याच्या लेखी पत्रिका म्हणजे थोतांड. त्याची भक्ती होती ती लिनक्सवर. रविवारी कॉलेजच्या मुलांना गोळा करून तो मुक्त सॉफ्टवेअरवर तासन् तास बोले. त्यामुळे २००६ च्या दिवाळीत आईच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तेव्हा त्याला मनातून आनंदच झाला. दुपारभरात त्याने विंडोज पुसून टाकलं आणि लिनक्स बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुटुंब कोचावर येऊन बसलं, आणि पत्रिकेचा प्रोग्रॅम काही केल्या उघडेना.

ज्ञानेशने मित्राला फोन लावला. बोलता बोलता तो म्हणाला, "म्हणजे वाईन टाकण्यावाचून इलाज नाही."

वत्सलाबाईंनी फोन ठेवू दिला. मग म्हणाल्या, "मळेवाल्यांनी द्राक्षांची काय वाटेल ती दारू करावी. इथे लोक लग्नं जमवायला येतात. घरात असलं काही आणायचं नाही."

"आई, ते सॉफ्टवेअरचं नाव आहे. एका जातीच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या जातीचे प्रोग्रॅम चालवतं ते."

"जमतं तसं?"

"जमवून घ्यावं लागतं."

"मग घे जमवून. पण लवकर."

ते लवकर जमलं नाही. आधी प्रोग्रॅम उघडला तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट आणून टाकले तर प्रिंटर रुसला. सुट्टीचे सगळे दिवस त्यात गेले. ज्या विद्येवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, तिच्यासाठी तो आईपेक्षा जास्त जागा होता. शेवटी एकदाची पत्रिका छापून आली. वत्सलाबाईंनी आकडा पाहिला, मान डोलावली आणि केंद्र पुन्हा सुरू झालं.

त्याच सुमारास ज्ञानेशच्या धाकट्या बहिणीने, सविताने, बँकेतल्या धनराजचं नाव घरात काढलं. वत्सलाबाईंनी मुलगा पाहिला, घर पाहिलं, दोन्ही पसंत पडलं. "पण पत्रिका बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. लोकांना सांगते ते घरी मोडू का?" पत्रिका काढली. अठ्ठावीस गुण जुळले. सविता स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली, आणि महिन्याभरात साखरपुडाही उरकला.

धनराजच्या आईने पत्रिकेची प्रत मागितली होती. ती प्रिंटरमधून काढून घेताना ज्ञानेशची नजर सहज पानावर गेली. त्याला आकाशदर्शनाचा नाद होता, म्हणून राशी ओळखीच्या होत्या. धनराजचा जन्म पाच ऑगस्टचा, आणि कागदावर सूर्य मेषेत बसलेला. ऑगस्टमध्ये सूर्य मेषेत कसा असेल?

त्याने प्रोग्रॅममधल्या तारखा तपासल्या. वाईनने तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचली होती. पाच ऑगस्टचं आठ मे झालं होतं. सविताचा जन्म तेवीस तारखेचा. तेविसावा महिना नसतो, म्हणून तिची पत्रिका तेवढी बरोबर निघाली होती. आई देवदर्शनाला गेलेली पाहून त्याने ती खोड दुरुस्त केली आणि पुन्हा गुण मोजले. नऊ गुण, वर नाडीदोष. त्याने खोड होती तशी करून ठेवली.

रात्री खोलीत आल्यावर त्याचा चेहरा पाहून बायकोने, शुभांगीने, विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"तू पत्रिका मानतोस?" तिने विचारलं.

"छे."

"मग एक चुकीची आणि एक बरोबर, असं का म्हणतोयस?"

"अगं, प्रोग्रॅम चुकतोय. मी बसवलाय तो."

"म्हणजे थोतांडसुद्धा बिनचूक हवं तुला."

आईला त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. वैशाखात लग्न थाटात झालं. अक्षता टाकताना त्याला वाटत होतं, कोणीतरी आता कागद घेऊन उठणार. कोणी उठलं नाही. पाहुणे परतले त्याच संध्याकाळी त्याने वाईनमधली तारीख दुरुस्त केली आणि कित्येक महिन्यांनी शांत झोपला.

त्यानंतर केंद्रात गुण कमी जुळू लागले. वत्सलाबाईंनी आधी मुलांच्या नशिबाला बोल लावला. मग डिसेंबरात एका घुटमळणाऱ्या जोडप्याला नमुना दाखवावा म्हणून त्यांनी लेक-जावयाची पत्रिका पुन्हा काढली. पाहुणे गेल्यावर त्यांनी ज्ञानेशला हाक मारली.

"हे बघ. नऊ गुण आणि नाडीदोष. काय करून ठेवलंस याला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने तारीख-महिन्याची सगळी अदलाबदल समजावून सांगितली. "आई, तेव्हाचं चूक होतं. आताचं बरोबर आहे."

वत्सलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "नाडीदोषाला मूल होत नाही म्हणतात. सविताला पाचवा महिना चालू आहे. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. मग खोटं कुठलं, तूच सांग."

ज्ञानेशने तोंड उघडलं. पत्रिकेतच काही नसतं, हे म्हणायला आज इतकी सोपी जागा होती. पण त्यासाठी आजची पत्रिका चुकीची आहे असं आधी मान्य करावं लागणार होतं, आणि ती तर त्याने स्वतः तपासून दुरुस्त केलेली होती.

"पूर्वीसारखं करून दे," त्या म्हणाल्या. "तुझी वाईन तेव्हा बरोबर सांगत होती."

त्याने खुर्ची ओढली आणि बिनचूक चालणारा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने पुन्हा बिघडवला. मागे वत्सलाबाईंनी फोन उचलला होता. गेल्या आठवड्यात परत पाठवलेल्या खंडेरावांना त्या सांगत होत्या, "आमच्या ज्ञानेशने मशीन दुरुस्त केलंय. मुलीची पत्रिका घेऊन उद्या परत या."