उजव्या वळणावरचा हात

रोझालिनाच्या हातून दुरुस्त झाली नाही अशी वस्तू मालवणात शोधून सापडली नसती. शिवणवर्गातली अकरा यंत्रं, चर्चमधली पेटी, शेजारच्या तुळसाचा स्टोव्ह, सगळं तिने ताळ्यावर आणलं होतं. अपवाद एकच, नवऱ्याच्या गाडीचं डावं दार.

गाडी साधीसुधी नव्हे. जहाजावरची बावीस वर्षांची फिटरकी संपवून सेबॅस्टियन घरी परतला, तो बेळगावच्या एका डॉक्टरकडून जुनी, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेऊन. तिच्या दाराची कडी पार झिजलेली. उजवं वळण आलं की डावं दार आपोआप उघडायचं आणि शेजारी बसलेली रोझालिना रस्त्यावर सांडायची वेळ यायची. मग सेबॅस्टियन गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकायचा आणि डावा हात तिच्यासमोरून आडवा नेऊन दार घट्ट धरायचा. घरापासून चर्चपर्यंत अशी चार वळणं होती.

आता खरं ते सांगून टाकतो. जन्मात तोंडातून प्रेमाचा एक शब्द न काढणाऱ्या नवऱ्याचा तो हात रोझालिनाला आवडायचा. फार आवडायचा. म्हणून तीन वर्षं तिने त्या दाराकडे काणाडोळा केला होता. आणि सेबॅस्टियन? जहाजाची इंजिनं खोलणारा हा बाप्या, पण कडीचा विषय निघाला की "असली बारीक कामां माझ्या बोटांक जमनत नाय" म्हणून मोकळा.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत आंबोलीहून लिंडाचं पत्र आलं. तिथल्या शाळेत नोकरीला लागून लेकीला सहा महिने झाले होते आणि आईबाबांनी आपली खोली एकदा तरी बघावी असा तिचा हट्ट होता. घाट म्हणजे वळणावर वळण, तिथे गियर बदलायला डावा हात मोकळा हवाच. रोझालिनाने दोन दिवस विचार केला. लेक हवी तर हात सोडावा लागणार होता. तिसऱ्या दिवशी तिने मुंबईच्या भावाला, कॉस्मेला, पत्र टाकलं, आणि त्याने जुन्या बाजारातून सुटे भाग शोधून पाठवले.

शनिवारी सकाळी तिने दाराच्या आतली पाटी उतरवली. गंजलेले स्क्रू रॉकेल पाजून सैल केले. जुन्या कडीचा दात झिजून गुळगुळीत झाला होता आणि स्प्रिंगमध्ये जीवच उरला नव्हता. ज्या पट्टीत कडी अडकते, ती चौकटीवरची पट्टीही गंजाने खाल्लेली. तिची मूळ जागा पेन्सिलने आखून घेऊन मगच रोझालिनाने ती काढली. नवे भाग बसले, पण दार काही लागेना.

"जोरान आपट गो," सेबॅस्टियन पडवीतून म्हणाला.

"आपटून कायच बसना नाय. गप रव."

शिवणयंत्राच्या बॉबिनलाही जोर चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मेणबत्तीची काजळी पट्टीला फासली, दार हलकेच टेकवलं आणि परत उघडून पाहिलं. वरच्या काठाची काजळी पुसली गेली होती, म्हणजे कडी तिथे घासत होती. तिने पट्टी नखभर वर सरकवली. मागे दुधाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून घातला. स्क्रू आवळायला तिने हात पुढे केला, तर सेबॅस्टियनने न मागता नेमका हवा तोच स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात ठेवला. तिला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

एका बोटाने ढकललेलं दार दोनदा खट्, खट् करून बंद झालं. रोझालिना खूश झाली आणि लगेच तिची नजर सेबॅस्टियनच्या डाव्या हाताकडे गेली.

रविवारी घाटातलं पहिलं उजवं वळण आलं. दार हललंसुद्धा नाही. सेबॅस्टियनचा हात गियरवरच राहिला. दुसरं वळण आलं, तिसरं गेलं.

"दार तर बरा लागला. मगे तोंड कित्याक पाडलंस गो?"

"तुझो हात नाय इलो," ती बोलून गेली, आणि लाजून दरीकडे बघायला लागली.

सेबॅस्टियनने गाडी कडेला घेतली. समोरच्या कप्प्याची किल्ली कायम त्याच्याच खिशात असायची. त्याने कप्पा उघडला आणि एक तेलकट पुडी तिच्या मांडीवर ठेवली. आत कडी, स्प्रिंग आणि पट्टी, तिन्ही नवीकोरी.

"डॉक्टरान गाडीबरोबरच दिल्यान. बावीस वर्सां फिटर होतंय मी. माका एक कडी बसवक येयना, असा वाटला तुका?"

रोझालिना त्या पुडीकडे बघतच राहिली. "मेल्या, तीन वर्सां! आणि आता?"

"आता दार बंद आसा," तो म्हणाला, "हात मोकळो आसा."

पुढच्या वळणाआधीच त्याने गियर बदलून घेतला. वळणावर हात आडवा आला. दार धरायची गरज नव्हती, म्हणून त्याने तिचा हात धरला.