बेक गुरुजींचं जिवंत पाणी

"थांबला! हात थांबला!"

वान्दो बेटावरच्या बाजारामागचं जुनं गोदाम माणसांनी खच्चून भरलं होतं. सगळ्यांच्या नजरा तेबोकच्या उजव्या हातावर खिळल्या होत्या. समुद्रशेवाळाच्या शेतीत जन्म घालवलेल्या या म्हाताऱ्याला कंपवातानं गाठलं होतं. चमचा तोंडाशी नेईपर्यंत अर्धा भात सदऱ्यावर सांडायचा. आज बेक गुरुजींनी त्याला आपल्या ‘जिवंत पाण्या’चा एक पेला पाजला, सभेकडून बराच वेळ गाणी म्हणून घेतली, आणि मग पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी त्याच्या हातात दिली. थेंबही सांडला नाही.

"पेशीपेशीत एक चूल असते, आजोबा!" गुरुजी गरजले. "मेंदूतली चूल विझली की हात थरथरतो. तिला सरपण कोण पुरवतं? आतड्यातले जंतू! आणि डॉक्टर गोळ्या घालून त्या बिचाऱ्यांनाच मारतात. आज घरी गेलात की पहिल्यांदा त्या गोळ्या संडासात टाका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजी शिकले कुठं, हे कुणी विचारलं नाही. अंगात पांढरा कोट होता, तेवढं पुरलं.

तेबोकची बायको मिहवा घरी म्हणाली, "अहो, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारू या का?"

"त्यांनी कधी वाटी धरायला लावली का मला?" तेबोक हसला. रोगानं ताठलेला त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलला होता. त्यानं गोळ्या टाकून दिल्या.

पुढं तेबोक गुरुजींकडून विकत घेतलेल्या बाटल्यांतलं ते जंतूंचं आंबूस पाणी रोज पिऊ लागला. मग त्याचे खांदे, मान, पाय आपोआप वळवळायला लागले, बसल्या जागी नाचल्यासारखे. मिहवानं घाबरून विचारलं, तर गुरुजी म्हणाले, "मावशी, जंतू आनंदानं नाचतायत! एक पेला वाढवा."

आणि एका सकाळी गोदामाला कुलूप दिसलं. गुरुजी बेट सोडून गेले होते.

घरातल्या बाटल्या संपल्या, तसा तेबोक फळीसारखा ताठला. अंग तापानं भाजू लागलं, घोट गिळवेना. बेटाबाहेर मोक्पो शहरातल्या रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर झाला होता. तो वाचला नाही.

त्याच्या कंपवातावर आधीपासून उपचार करणाऱ्या डॉ. ग्वाक बाईंनी बाटलीत उरलेला गाळ तपासायला पाठवला. निकाल आल्यावर त्यांनी मिहवाला समोर बसवलं.

"मावशी, यात आंबवलेलं पाणी आहे, आणि कुटून घातलेलं औषध. मी देत होते तेच."

"म्हणजे... टाकलेली गोळीच ते पीत होते?"

"हो. पण भलत्या मात्रेत. मी ती बेतानं वाढवत होते. गाणी म्हणायला लावायचा तो, औषध चढेपर्यंत वेळ काढायला. जास्त झालं म्हणून अंग नाचलं. आणि ते एकदम तुटलं म्हणून अंग ताठलं, ताप चढला."

"मग जंतूंचं सगळं खोटं?"

"तीच तर पंचाईत आहे. अर्धं खरं आहे. हात थरथरायच्या आधी कित्येक वर्षं अनेकांचं पोट साफ होत नाही. मेंदूच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावते. आतड्यातले काही जंतू तर हे औषध मेंदूपर्यंत पोचायच्या आतच फस्त करतात. यावर शोध चालू आहे. पण जंतू पाजून हा रोग बरा करणं अजून कुणालाही जमलेलं नाही."

बाईंनी पोलिसांत तक्रार दिली. काही दिवसांनी शेजारच्या हेनाम गावात एका गोदामात तशीच सभा भरल्याचं कानावर आलं, तेव्हा पोलिसांबरोबर मिहवाही गेली. गुरुजींचं नाव आता वेगळं होतं, कोट तोच. पोलीस त्याला घेऊन निघाले तेव्हा मिहवानं नवऱ्याची हकीकत सांगितली, तर लोक तिच्यावरच उखडले.

"तुझा नवरा गेला म्हणून आमचं औषध बंद पाडतेस?" एक बाई ओरडली.

पुढच्या रांगेतला म्हातारा काकुळतीनं म्हणाला, "पण मला खरंच बरं वाटतंय हो!"

"वाटणारच, भाऊ," मिहवा म्हणाली. "माझ्या नवऱ्यालाही वाटलं होतं. यात खरं औषध आहे, फक्त ते चोरून घातलंय. बाटलीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याच्या हातचं पिऊ नका. तुमची गोळी बंद करायला जो सांगेल, त्याला कारण विचारा, आणि ते कारण डॉक्टरांपुढं बोलायला लावा."

"मग उद्या मी काय पिऊ?"

"नुसतं सोडूही नका, तेही जिवावर बेततं. बाटली घ्या आणि दवाखान्यात चला. आत्ताच."

म्हाताऱ्यानं पायाशी ठेवलेली बाटली उचलली. मग काठी टेकत उठला. बाकीचे बसून राहिले. मिहवा दारात थांबली आणि वळून पुन्हा म्हणाली, "अजून कुणी येतंय?"